अर्विनची आधीची मेहनतही सांगा
तुमच्या लेखात अमेरिकन लेखक जेम्स अर्विनचं ‘एका रात्रीत नशीब फळफळलं’ असं लिहिलंय, ते मला पटलं नाही. २०११ साली रेडिट या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर कुणीतरी विचारलं, आजच्या अमेरिकन मरीन सैनिकांची तुकडी सम्राट ऑगस्टसच्या काळातल्या प्राचीन रोमला हरवू शकेल का? आयोवा राज्यातल्या अर्विनने जेवणाच्या सुट्टीत उत्तर म्हणून चक्क गोष्टच लिहायला घेतली, आणि थोड्याच आठवड्यांत वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीने त्याच्याशी पटकथेसाठी करार केला. पण त्याआधी अमेरिकेतल्या फुटीर चळवळींवर त्याने अख्खा कोश लिहिला होता हो! नोकरीही तांत्रिक लेखनाचीच. हात रोजचा लिहिता होता, म्हणून ती गोष्ट इतकी झरझर उतरली. सिनेमा अजून आला नाही याची मात्र फार रुखरुख लागते. रेडिटवरचे त्या गोष्टीचे ते सुरुवातीचे तुकडे मी आजही अधूनमधून काढून वाचते.