फिजिऑलॉजीची एमडी म्हणजे 'तीन वर्षांची सुट्टी'? नाही!

पीजीचं (एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसचं) काउन्सेलिंग, म्हणजे जागावाटप, आलं की इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: "फिजिऑलॉजीची एमडी म्हणजे तीन वर्षांची सुट्टी. ना थिसिस, ना हॉस्पिटल. बीएस्सीवालेही करतात. पुढे डॉक्टरकी विसरा." रामबागेतल्या ओळखीच्या काकूंनी तो मला पाठवला आणि विचारलं, "लेकीला हीच सीट मिळतेय, सोड म्हणू का?" मी हाच विषय, म्हणजे शरीर कसं चालतं याचं शास्त्र, शिकले आणि हाच शिकवते. गप्प बसवलं नाही.

बीएस्सीचा मुद्दा लगेच निकाली निघतो. एमडीला एमबीबीएस आणि नीट-पीजीसारखी प्रवेश परीक्षा लागतेच. बीएस्सीनंतर होते ती एमएस्सी मेडिकल फिजिऑलॉजी. तीही तीन वर्षांची आणि कष्टाचीच, पण तिच्या जोरावर रुग्ण तपासता येत नाहीत. या दोन वेगळ्या पदव्या आहेत.

"थिसिस नाही" हे तर धादांत खोटं. आधी सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग एथिक्स कमिटीची मंजुरी, मग माणसं जमवायची. माझं काम हृदयाच्या ठोक्यांमधल्या चढउतारांवर होतं. समोरच्याने सकाळपासून चहा-कॉफी घेतलेली नको, आल्यावर पंधरा मिनिटं निवांत पडायचं आणि मग पाच मिनिटं सलग ईसीजी. चौथ्या मिनिटाला तो शिंकला की रेघ विस्कटते, पुन्हा पहिल्यापासून. असे कित्येक दिवस गेले. लिहून झालेला थिसिस परीक्षेच्या सहा महिने आधी द्यायचा. तो किमान तीन परीक्षक तपासतात, त्यातले दोन बाहेरचे. त्यांनी स्वीकारल्याशिवाय शंभर-शंभर गुणांच्या चार पेपरांना बसताच येत नाही. वर ८० टक्के हजेरी, प्रॅक्टिकल आणि व्हायवा.

हॉस्पिटलचं म्हणाल, तर जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची रेसिडेन्सी आमच्या विषयालाही सक्तीची आहे. सर्जरीसारख्या रात्रीच्या इमर्जन्सी नसतात, हे खरं. पण एमबीबीएसच्या फर्स्ट इयरची प्रॅक्टिकल्स एमडी करणाऱ्या रेसिडेंटच्याच अंगावर असतात. न्यूबाउअर चेंबरमध्ये (रक्तपेशी मोजायच्या काचेत) हवेचा बुडबुडा पाहून "मॅडम, पेशी दिसली!" म्हणणाऱ्या पोराला खरी पांढरी पेशी दाखवायची, तीही प्रत्येक टेबलावर जाऊन. उद्या रुग्णाचा रिपोर्ट वाचणारा डॉक्टर तिथेच घडतो, म्हणून मला हे काम कधीच हलकं वाटलं नाही.

राहिलं "डॉक्टरकी विसरा". एमबीबीएसचं रजिस्ट्रेशन एमडी केल्याने जात नाही. या विषयाच्या जोरावर खाजगी प्रॅक्टिस उभी राहत नाही, हे मात्र मान्य. जागा रिकाम्या राहतात त्याही मुख्यतः यामुळेच. अभ्यास सोपा आहे म्हणून नव्हे. काकूंना मी तेच सांगितलं: लेकीला शिकवायची, संशोधनाची ओढ आहे का ते विचारा. दवाखानाच थाटायचा असेल तर तिने दुसरी शाखा बघावी.