पाऊस, उधारी आणि डेटा: परभणीच्या दुकानदार वाचकाला उत्तर

भाऊ, नमस्कार. छोट्या दुकानदारांनीही डेटा वापरावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण रोज गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाची आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "डेटा ॲनालिटिक्स, म्हणजे आकडेवारी तपासून निर्णय घेणं, हे मॉलवाल्यांचं खूळ. आमचं कृषी सेवा केंद्र पावसावर आणि उधारीवर चालतं. पाच-सहा टक्क्यांचे आकडे अमेरिकेतच ठेवा."

आधी आकड्याचं. ब्रिनयॉल्फसन, हिट आणि किम या संशोधकांच्या २०११ च्या अभ्यासात शेअर बाजारात नोंदलेल्या १७९ मोठ्या कंपन्या होत्या. आकडेवारी बघून निर्णय घेणाऱ्यांची उत्पादकता ५ ते ६ टक्के जास्त दिसली. तो आकडा परभणीच्या दुकानाला लावायचा नाही, इथपर्यंत तुमचं-माझं एकच. तीन खरिपांच्या बिलांवरून 'यंदा बियाण्याच्या किती बॅगा खपतील' ते सांगतो असं कुणी म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. तीन वर्षांवरून कसला आलाय अंदाज!

पण पाऊस आणि उधारी आहे म्हणून डेटा बिनकामाचा, हे पटत नाही.

सोयाबीनचं घ्या. बियाण्याची उगवणक्षमता लवकर घसरते. उरलेली बॅग कंपनीने परत घेतली नाही तर भांडवल अडकलंच. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट) पाऊस सरकारच्या महारेन संकेतस्थळावर फुकट दिसतो. तो तुमच्या बिलांवरच्या गावांशेजारी मांडून बघा. कोणत्या मंडळात पाऊस झाल्यावर किती दिवसांनी गिऱ्हाईक येतं, ते सोयाबीनचं एमएयूएस ७१ हे वाण मागतं की फुले संगम? कंपनीकडे बुकिंग आगाऊ करावं लागतं, मान्य. पण कोणत्या वाणाचं किती, आणि दुसरी गाडी कधी मागवायची, हे तुमच्याच हातात असतं.

उधारीत सोयाबीनवाला दिवाळीच्या सुमारास देतो, तूरवाला संक्रांतीनंतर, ऊसवाला कारखान्याचं बिल निघाल्यावर. हे तुम्हाला तोंडपाठ. मात्र कुणाची बाकी दुसऱ्या खरिपात गेली आणि तरी त्यालाच पुन्हा माल दिला, हे वहीची पानं उलटून सापडत नाही. नाव, पीक, तारीख आणि बाकी असा तक्ता असेल तर लगेच सापडतं.

आणखी एक. अनुदानित खत तुम्ही पॉस मशीनवर, म्हणजे घेणाऱ्याची ओळख पटवून विक्री नोंदवणाऱ्या यंत्रावर, विकता. युरियाची ४५ किलोची गोणी कुणी नेली, ती नोंद सरकारकडे जाते. क्यूआरवर आलेले पैसे पेमेंट ॲपवाल्याला दिसतात. म्हणजे तुमच्या धंद्याचा डेटा गोळा होतोच आहे, फक्त तुमच्या टेबलावर येत नाही. माझा खरा राग यावर आहे.

खर्चाचं म्हणाल, तर महागडं सॉफ्टवेअर घ्या असं मी कुठेच लिहिलेलं नाही. ज्यावर बिलं करता त्यातून एक्सेल निघतं का ते बघा. वाण आणि लॉट नंबर बिलावर असतोच. गावाचा रकाना कोरा आणि नावाच्या जागी नुसतं 'रोख', अशी बिलं किती आहेत तेवढं आधी मोजा.