मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास आणि आईचा ‘दोष’

ठाण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ज्या आईला मिक्सरचा आवाज, फोडणीचा वास सहन होत नाही, ती घर जास्तच शांत ठेवते आणि त्यामुळे मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) होतं. हे खोटं आहे.

त्यामागे एक खरी गोष्ट मात्र आहे. २०१४ सालच्या एका अभ्यासात स्वमग्न मुलांच्या ५० आयांना प्रश्नावली दिली, तेव्हा बहुतेकींच्या संवेदना सरासरीपेक्षा वेगळ्या निघाल्या. कुठे तीव्र, कुठे बोथट. अभ्यास लहान, तोही फक्त आयांचा. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे आईबाबांमध्ये तिच्या छटा दिसल्या तर नवल नाही. पण छटा म्हणजे निदान नव्हे, आणि घरातली शांतता हे कारण तर नाहीच. १९५०-६०च्या दशकांत ‘थंड’, म्हणजे माया न दाखवणाऱ्या, आयांच्या माथी असंच खापर फोडलं होतं. ते केव्हाच मोडीत निघालं. (बाबांना तेव्हाही फारसं कुणी विचारलं नव्हतं!)

विसर्जनाला तलावपाळीवर ढोल-ताशा सुरू झाला की मुलाबरोबर तुम्हीही कान झाकत असाल, तर इअरमफ दोघांसाठी घ्या. त्रास रोजचाच असेल, तर मुलाच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना (रोजची कामं आणि आवाज-वास-स्पर्श झेपावेत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) स्वतःबद्दलही विचारा.