माझाच लॅपटॉप मला पुसू देत नाहीत

अरे मायक्रोसॉफ्टवाल्यांनो, लॅपटॉपच्या खात्याचा पासवर्ड आठवत नाही म्हणून तर तुमच्या दारात आलेय ना! आणि तुमच्या फॉर्मवर काय, तर ‘या खात्याचे पूर्वीचे पासवर्ड लिहा’. त्याखाली ‘या खात्यावरून अलीकडे पाठवलेल्या मेलचे विषय लिहा’. एक मेल पाठवलेला नाही हो मी त्या खात्यावरून! आयुष्यात एक नाही. खातं काढल्याशिवाय लॅपटॉप सुरू होत नाही असं दुकानातल्या मुलाने सांगितलं, म्हणून काढलेलं खातं ते. विषय कुठून आणू? मनाने रचून लिहू?

सात वेळा भरला तो फॉर्म. दिवसातून दोनदाच भरू देतात, म्हणजे चार दिवस. प्रत्येक वेळी ती वेडीवाकडी अक्षरं डोळे फाडून ओळखायची, आणि मग तेच ठरलेलं उत्तर वाचायचं: खातं तुमचंच आहे याची खात्री करण्याइतकी माहिती मिळाली नाही. कोणती कमी पडली ते सांगणार नाहीत. चॅटवर माणूस मिळाला तर तोही म्हणतो, मॅडम, आमच्या हातात काही नाही, फॉर्म भरा.

बरं, मला हवं काय होतं? खात्यातलं काहीही नको होतं. फोटो, कागदपत्रं सगळं पेनड्राइव्हवर केव्हाच काढून ठेवलंय. लॅपटॉप कोरा करून भाचीला द्यायचा होता, बस. तिचं कॉलेज सुरू झालंय, देवासहून रोज बसने इंदूरला येते-जाते, आणि प्रोजेक्ट मोबाइलवर टाइप करते पोर. सोमवारी देते म्हणून कबूल केलं होतं. रविवारी रात्री सुरू केला तर अपडेट लागलं, आणि अपडेट संपल्यावर सात वर्षं रोज टाकलेला पिन चालेना. ‘काहीतरी झाले आहे आणि तुमचा पिन उपलब्ध नाही.’ काहीतरी झाले आहे! आमचा इस्त्रीवालासुद्धा साडी जळली तर समोर येऊन सांगतो, ताई, जळली. यांना तेवढंही सांगावंसं वाटत नाही.

पिन नवा करायचा तर खात्याचा पासवर्ड द्या. पासवर्ड नवा करायचा तर कोड घ्या. कोड जाणार जुन्या मोबाइल नंबरवर. म्हटलं, जाऊ दे, त्या निळ्या पडद्यावरून सरळ रिसेट करू, म्हणजे सगळं पुसून टाकू. तिथे ‘रिकव्हरी की टाका’. ४८ आकडे! सहा-सहाचे आठ गट. ही की मला कोणी कधी दिली? कधी विचारलं का, की तुमच्या डिस्कला आम्ही कुलूप घालतोय, किल्ली कुठे ठेवू? किल्ली म्हणे तुमच्या खात्यात ठेवली आहे, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून खात्यात जा आणि घ्या. त्याच खात्यात, ज्याच्या दाराशी मी उभी आहे!

तो जुना नंबर मी २०२१ मध्ये सोडला. रिचार्ज महागले, दोन-दोन सिम पोसणं जमेना. ९० दिवस वापर नाही, खात्यात शिल्लक नाही, की नंबर बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्या कोणाला मिळतो. या देशात नंबर असेच फिरतात, भाजीवाल्यालाही माहीत आहे. मग माणसाची ओळख त्याच एका नंबराला बांधून ठेवायची आणि तो सुटला की माणूसच खोटा ठरवायचा, ही कुठली पद्धत?

सोमवारी रात्री मी माझ्याच जुन्या नंबरला फोन लावला. खरगोनकडचे कोणी गृहस्थ होते, मागे ट्रॅक्टरचा आवाज. मी सगळं समजावून सांगितलं. भैया, अभी आपके पास एक कोड आएगा, बस वो बता दीजिए. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “बहनजी, ओटीपी तो हम सगे भाई को भी नहीं बताते,” आणि फोन ठेवला. बरोबर केलं त्यांनी, शंभर टक्के बरोबर. मीच माझ्या आईकडून हे घोकून घेतलंय, की समोरचा कितीही गोड बोलू दे, रडू दे, ओटीपी सांगायचा नाही. पण त्या भल्या माणसाच्या लेखी मी त्या क्षणी ठग होते. स्वयंपाकघरात ओट्याशी उभी, गॅसवर दूध, आणि कान असे तापले माझे की दूध उतू गेलं तरी कळलं नाही. हा अपमान त्यांनी केला नाही, मायक्रोसॉफ्टवाल्यांनी केला.

आणि जन्मतारीख! खरी टाकली तर जुळत नाही. २०१८ च्या धनतेरसला लॅपटॉप घेतला, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, त्या मुलाने मला स्टुलावर बसवलं आणि स्वतःच धडाधड सगळं भरलं. १ जानेवारी टाकली असणार, सगळ्यांची तीच टाकतात. साल कोणतं टाकलं देव जाणे. तिथे ‘आईचं माहेरचं नाव’ वगैरे विचारलं असेल तर तेही त्यानेच ठोकून दिलं असणार. तसंही, आमच्या आईचं माहेरचं नाव अख्ख्या रामबागेला माहीत आहे, ते काय गुपित झालं?

खाती, खाती, खाती. टीव्ही लावायला खातं. वॉशिंग मशीनच्या वॉरंटीला खातं. घरातल्या टेबलावरचा प्रिंटर, त्याला घरातलीच वायर, त्यावर मार्कशीट स्कॅन करायची तर म्हणे आधी खातं काढा! मिक्सर तेवढा राहिलाय. वस्तू आपण पैसे मोजून घेतो की भाड्याने आणतो?

शेवटी गुरुवारी जेल रोडला दुरुस्तीच्या दुकानात गेले. पंचविशीचा मुलगा, समोर उघडे पडलेले पाच लॅपटॉप. त्याने पेनड्राइव्ह लावला, एक कळ दाबून धरली, डिस्कचे सगळे भाग एकेक करून डिलीट केले. ४० मिनिटं, ६०० रुपये. की विचारली नाही, पिन विचारला नाही, पासवर्ड विचारला नाही. मी पिशवीतून बिल काढून पुढे केलं तर म्हणाला, “रख लो दीदी, इसकी जरूरत नहीं.”

मग कुलूप कोणासाठी होतं? डिस्क कुलूपबंद असावी हे मला मान्य आहे. कोणाचा लॅपटॉप बसमध्ये राहिला तर घरचे फोटो परक्याच्या हाती लागू नयेत, चांगलंच आहे. पण पुसायला आडकाठी कशाला? पुसल्यावर आत वाचायला उरतं काय? ज्याला पेनड्राइव्ह लावता येतो त्याला, चोर असो की साव, ४० मिनिटांत रान मोकळं, आणि जिच्या हातात बिल आहे तिला चार दिवस दारात उभं करता! सात वर्षं जपलेलं बिल. दुकानाचा शिक्का, माझं नाव, मशीनचा सीरियल नंबर, सगळं त्यावर आहे. तुमच्या एवढ्या लांबलचक फॉर्मवर ते बिल दाखवायला एक रकाना नाही.

कोरा झालेला लॅपटॉप नव्याने सुरू झाला तेव्हा पुन्हा तेच. आधी नेट जोडा, मग खातं काढा. त्या मुलाने सवयीने टाइप करायला हात पुढे केला, मी त्याला थांबवलं. भाचीला फोनवर घेतलं. तिची खरी जन्मतारीख, तिचा नंबर, शिवाय तिच्या आईचा नंबर, दुसरा मेल, एकेक अक्षर वाचून भरलं. घरी येऊन नव्या खात्यातली ती ४८ आकडी की शोधून काढली आणि बॉलपेनने त्याच बिलाच्या पाठीवर लिहिली, सहा-सहाचे आठ गट. भाचीला समोर बसवून दोनदा वाचून घेतली. बिल आता लॅपटॉपबरोबर तिच्या बॅगेत आहे.

आज सकाळी सातव्या फॉर्मचं उत्तर आलं. माहिती पुरेशी नाही. मी तिथल्या तिथे, दात-ओठ खात, त्यांना चार ओळी लिहायला घेतल्या, तर खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं: या पत्त्यावर उत्तर पाठवू नका, इथे आलेले मेल वाचले जात नाहीत.