साडेबारा हजारांच्या पेटीचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी फिरणारा एक संदेश यंदाही आमच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आला, देवस्थान समितीच्या गटात आला आणि महिला मंडळाच्या गटातून माझ्या पत्नीच्या मोबाईलवरही पोहोचला. ‘प्रत्येक गोमंतकीय घरात हवीच अशी आपत्कालीन पेटी’ असे त्याचे शीर्षक असून चार माणसांच्या कुटुंबाला लागणाऱ्या वस्तूंची किमतींसह यादी त्यात दिलेली आहे: बाटलीबंद पाणी ४,४८० रुपये, जलरोधक पाठपिशवी ३,०००, सौर पॉवर बँक २,२००, डबाबंद खाद्यपदार्थ १,४००, सर्पदंशाचा संच ९००, अँटिबायोटिकसह औषधे ४०० आणि मेणबत्त्या १२०, असे एकूण १२,५०० रुपये. ‘सगळे एकाच वेळी घ्या, नाहीतर राहून जाते’ असा सल्ला त्यात आहे आणि शेवटी ठळक अक्षरांत एक वाक्य आहे: ‘यापेक्षा कमी खर्चातली पेटी म्हणजे केवळ मनाचे समाधान.’

हे शेवटचे वाक्य गेल्या वर्षी वाचून आमच्या शेजारच्या आक्कांनी, ज्यांचे घर मुलाच्या रोजंदारीवर चालते, ‘म्हणजे आम्ही देवावर हवाला ठेवून बसायचे तर!’ असा शेरा मारला, आणि त्या शेऱ्यामुळेच हा प्रतिवाद लिहिण्याची गरज वाटली. पेटी हवी, याबद्दल माझा वाद नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा अनेक गावांत वीज यायला काही दिवस लागले. त्याच वर्षी २३ जुलैला सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत जो पूर आला, तो १९८२ नंतरचा सर्वांत मोठा असल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितले होते. आणि २ ऑक्टोबर २००९ रोजी, पाऊस संपला असे म्हणण्याच्या दिवसांत, काणकोणात पुराने काही तासांत हाहाकार उडवला होता. वाद आहे तो यादीशी आणि त्याहून अधिक तिच्या किमतीशी.

प्रथम पाण्याचा मुद्दा घेऊ, कारण एकूण रकमेचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग त्यातच गेला आहे. संदेशाने माणशी रोज चार लिटर, चार माणसे आणि चौदा दिवस असा गुणाकार करून २२४ लिटर पाणी वीस रुपये लिटरने विकत घ्यायला सांगितले आहे. एवढ्या बाटल्या दोन खोल्यांच्या घरात ठेवायच्या कुठे, हा प्रश्न यादी करणाऱ्याला पडलेला दिसत नाही. पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी माणशी रोज तीन लिटर धरले तर चार माणसांना तीन दिवसांसाठी ३६ लिटर पाणी लागते, म्हणजे शीतपेयांच्या दोन लिटरच्या अठरा रिकाम्या बाटल्या. त्या साबणाने स्वच्छ धुऊन नळाच्या पाण्याने भरल्या, झाकणे घट्ट लावून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या आणि ठराविक दिवसांनी ते पाणी झाडांना घालून पुन्हा भरल्या, तर खर्च शून्य. दुधाच्या बाटल्या मात्र यासाठी वापरू नयेत. कितीही धुतल्या तरी त्यांतला अंश जात नाही आणि पाणी नासते.

तीन दिवस पुरेसे नाहीत, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो अगदीच चुकीचा नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खांडेपार येथे जलवाहिन्या फुटल्या, तेव्हा ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पावर अवलंबून असलेल्या तिसवाडी आणि फोंडा तालुक्यांतल्या लोकांनी ऐन पावसाळ्यात जवळजवळ आठवडाभर नळाला पाणी नसल्याचा अनुभव घेतला आहे. परंतु त्यावरचा उपाय आणखी बाटल्या विकत घेणे हा नसून, चौथ्या दिवसापासून मिळेल ते पाणी पिण्याजोगे करण्याची सोय हाताशी ठेवणे हा आहे. विहिरीचे पाणी चौपदरी फडक्यातून गाळून खळाळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर उकळू दिले तर त्यातले रोगजंतू मरतात. गॅस नसेल तेव्हासाठी क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी ठेवावी आणि पाकिटावर लिहिलेले प्रमाण व वेळ पाळावी. पुराचे पाणी विहिरीत शिरले असेल, तर ती उपसून शुद्ध करून घेईपर्यंत तिचे पाणी नितळ दिसले तरी तसेच पिऊ नये. भांडी, संडास आणि अंगधुणीसाठी लागणारे पाणी तर गोव्याच्या जुलैत पागोळ्यांखाली पिंप ठेवले की घटकाभरात मिळते. वाहत्या पागोळीकडे पाठ करून बाटलीबंद पाण्याने संडास धुणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही, पण संदेशाचा माणशी चार लिटरांचा हिशेब त्याच दिशेने जातो.

सौर पॉवर बँकेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तिच्या पाठीवरचा तळहाताएवढा पत्रा लख्ख उन्हातसुद्धा ती पूर्ण भरायला काही दिवस घेतो, आणि जुलैत आपल्याकडे सूर्य कधी दिसतो हे वेगळे सांगायला नको. विजेवर भरणारी साधी पॉवर बँक घरात असेल तर ती दर रविवारी भरून ठेवावी. नसेल तर अडगळीत पडलेला बटणांचा जुना फोन बॅटरीसह चालू स्थितीत ठेवावा, कारण तो एकदा भरला की काही दिवस चालतो आणि ११२ किंवा १०८ लावण्यासाठी त्याहून अधिक काही लागत नाही.

मेणबत्त्या हा यादीतला सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत वाईट पदार्थ आहे. वादळात घर हलत असते, कौले सरकलेली असतात, वारा आत येत असतो, मुले घाबरलेली असतात आणि गॅसची नळी कुठे सुटली असल्यास ते अंधारात कळत नाही. अशा घरात उघडी ज्योत नको. दीडशे-पावणेदोनशे रुपयांची एलईडी विजेरी हे काम बिनधोक करते. मात्र तिच्याबाबत एक गोष्ट मी स्वतःच्या चुकीने शिकलो आहे. तौक्तेच्या रात्री मी मोठ्या खात्रीने कपाटातून विजेरी काढली, कळ दाबली, काही झाले नाही. मागचे झाकण फिरवले तर ते फिरेना, आणि पकडीने उघडल्यावर आतून मिठासारखी पांढरी-हिरवट भुकटी हातावर सांडली. वर्षभर आत राहिलेले सेल फुटून पाझरले होते आणि तांब्याची पट्टी खाऊन गेले होते. तेव्हापासून आमच्या घरी सेल विजेरीबाहेर, मूळ वेष्टनात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून विजेरीलाच रबराने अडकवलेले असतात. गोव्याच्या दमट हवेत ही काळजी अधिकच घ्यावी लागते; काडेपेटी आणि मीठ यांचेही तेच.

आता सर्पदंशाच्या संचाबद्दल. पुराच्या पाण्याबरोबर साप घरात येतात हे खरे आहे आणि त्यामुळे हा नऊशे रुपयांचा डबा यादीत पाहून अनेकांना धीर वाटला असेल. त्या डब्यात विष ओढून घेण्याची पिचकारी, एक पाते आणि आवळून बांधायची पट्टी असते, आणि या तिन्ही गोष्टी करू नयेत असेच वैद्यकशास्त्र आज सांगते. पिचकारीने विष बाहेर येत नाही, पात्याने जखम वाढते, आणि घट्ट बांधलेल्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटून तो अवयवच गमावण्याची वेळ येते. दंश झालेल्या माणसाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंशाचा हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढून घ्यावेत आणि १०८ ला फोन करून जिथे प्रतिविष आहे त्या इस्पितळात त्याला शक्य तितक्या लवकर न्यावे. यासाठी लागणारी फळी आणि जुने धोतर प्रत्येक घरात असते. नऊशे रुपये वाचवणे ही इथे काटकसर नाही; तो डबा फुकट मिळाला तरी घेऊ नये.

औषधांच्या बाबतीत संदेश अर्धा बरोबर आहे. प्रथमोपचाराचे साहित्य हवेच. परंतु डॉक्टरांनी न सांगता पाच दिवसांचे अँटिबायोटिक घरात भरून ठेवण्याचा सल्ला धोक्याचा आहे, कारण पुरानंतरच्या बहुतेक जुलाबांत ते लागतच नाही. लागते ते क्षारसंजीवनीचे (ओआरएस) पाणी. त्याची पाकिटे संपली तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ घालून ते घरी करता येते. पुराच्या पाण्यात उंदरांच्या मूत्रातून येणारा लेप्टो हा खरा भयंकर आजार आहे आणि तो पायावरच्या साध्या ओरखड्यातूनही शिरतो; त्यामुळे जखमेवर चिकटपट्टी लावून आणि गमबूट घालूनच पाण्यात उतरावे, आणि नंतर ताप आला तर आरोग्य केंद्रात जाऊन ‘मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. कोणत्या गोळ्या द्यायच्या ते त्यांनी ठरवायचे. यादीत नसलेली, पण सर्वांत आधी हवी ती गोष्ट म्हणजे घरातल्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांची रोजची औषधे. ती संपायच्या आठवडाभर आधी आणायची सवय लावली, तर पेटीत वेगळा साठा करायला वेगळा पैसा लागत नाही.

खाण्याच्या बाबतीत मात्र मला हसू आले. डबाबंद मासे, परदेशी पद्धतीच्या पौष्टिक वड्या आणि डबा उघडण्याचे हत्यार! पावसाळ्याच्या बेगमीला पुरुमेंत हा खास शब्द असलेल्या आणि त्यासाठी मे महिन्यात मडगावला फेस्त भरवणाऱ्या प्रदेशाला ही शिकवणी कशासाठी? पुरुमेंताचे सुके बांगडे शिजवावे लागतात, त्यामुळे चूल बंद असताना ते उपयोगी नाहीत, एवढी दुरुस्ती केली की काम झाले. पोहे, गूळ, सुके खोबरे, भाजलेले चणे, शेंगदाणे आणि बिस्किटे यांवर चार माणसे तीन दिवस काढू शकतात. मे महिन्यात भरलेले पोहे चवथीच्या आत खाऊन संपवावेत आणि नव्याने भरावेत. ते दिवाळीला पोह्यांच्या प्रकारांत जातात. अशा रीतीने काहीही फेकावे लागत नाही, आणि डबाबंद माशांची मुदत संपल्यावर जे चौदाशे रुपये कचऱ्यात गेले असते ते वाचतात.

तीन हजारांच्या पाठपिशवीऐवजी मुलाचे जुने दप्तर चालते, फक्त आतल्या वस्तू जाड प्लास्टिकमध्ये बांधायला हव्यात. रंगाची वीस लिटरची झाकणाची बालदीही उत्तम, मात्र तिच्यात पाणी किंवा उघडे अन्न ठेवू नये. पेटी माळ्यावर ठेवण्याचा संदेशातला सल्लाही मला पटत नाही. २०२१ च्या पुरात मातीच्या भिंती कोसळून घरेच्या घरे गेली. अशा वेळी अंधारात शिडी लावून माळ्यावर चढणे म्हणजे आत्मघात. पेटी बाहेर पडण्याच्या दाराजवळ, भिंतीवर राहिलेल्या पुराच्या जुन्या खुणेच्या वर, खुंटीला टांगावी.

या संपूर्ण यादीत कागदपत्रांचा आणि रोख पैशांचा उल्लेखही नाही, हा तिचा सर्वांत मोठा दोष. त्या जुलैत पाणी ओसरल्यावर शेजारच्या आक्कांच्या गादीखालून निघालेला कागदांचा गठ्ठा मी पाहिला आहे: एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, घरपट्टीच्या पावत्या, पासबुक आणि रेशनकार्ड एकमेकांना चिकटून त्यांची एक जाड, चिखलट वडी झाली होती. आम्ही ती सुरीच्या पात्याने पापुद्रा-पापुद्रा सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळवली. पासबुकावरची शाई तोवर निळ्या डागांत पसरून गेली होती. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा घर कोणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न होता. प्रत्येक कागदाची एक छायाप्रत काढून ती झिपच्या प्लास्टिक पाकिटात पेटीत ठेवायला चाळीस-पन्नास रुपये लागतात. आधार, दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचे कार्ड आणि रोजच्या औषधांची चिठ्ठी त्यातच असावी. मोबाईलमधले फोटो चांगले, पण मोबाईल बंद पडला की तेही बंद. रोख रकमेचे तेच आहे. वीज आणि टॉवर दोन्ही गेल्यावर यूपीआयने दुधाची पिशवीही मिळत नाही, म्हणून दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत पाचशे रुपये ठेवावेत. तो खर्च नव्हे, ते आपलेच पैसे असतात.

उरला ‘सगळे एकाच वेळी घ्या’ हा मुद्दा. राहून जाते, हे निरीक्षण खोटे नाही. पण हातावर पोट असलेल्या घराला एकरकमी खरेदी सांगितली की ती राहूनच जाते. आक्कांनी आणि आम्ही मिळून डिसेंबरपासून मेपर्यंत दर महिन्याला थोडे थोडे घेतले. माझ्या वहीतल्या नोंदी अशा आहेत: विजेरी १६०, सेल ८०, क्षारसंजीवनीची पाकिटे ११०, मलमपट्टीचे सामान १७०, तापाच्या गोळ्या २०, प्लास्टिक पाकिटे ६०, छायाप्रती ४०, नायलॉनची दोरी ६०, शिट्टी २०, पोहे-चणे-गूळ वगैरे ३०० आणि सेलवर चालणारा लहान रेडिओ ४५०, म्हणजे सहा महिन्यांत एकूण १,४७० रुपये.  रेडिओ शेवटी घेतला, कारण तोच सर्वांत महाग. पण नेटवर्क गेल्यावर आकाशवाणीच्या पणजी केंद्राच्या कोकणी आणि मराठी बातम्यांतून नदीची पातळी आणि बंद रस्ते कळतात, त्यामुळे तो वगळायचा विचार केला नाही. चांगली ताडपत्री अजून झालेली नाही. ती एका घराला महाग पडते, म्हणून वाड्यावरच्या चार घरांनी मिळून एक घ्यायची आणि ती देवळाच्या सभामंडपात ठेवायची असे ठरले आहे. वर्गणी तीन घरांची आली आहे.