एकटीला खोली नाही

आज सकाळी साडेदहा वाजता मी कोकणातल्या एका समुद्रकिनाऱ्यावरच्या निवासाला फोन लावला. शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्रींसाठी खोली हवी होती. फोनवरचा मुलगा आधी अतिशय अगत्याने बोलत होता. खिडकीतून समुद्र दिसतो, सकाळी घावणे मिळतील, रात्री सोलकढीसह माशांचे जेवण मिळेल, असे सगळे त्याने न विचारता सांगितले. मग त्याने विचारले, "फॅमिली किती जणांची?" मी म्हटले, "मी एकटीच येणार आहे." तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मॅडम, सिंगल लेडीजना आम्ही रूम देत नाही. मालकांचा तसा नियम आहे." कारण विचारले, तर "नंतर प्रॉब्लेम होतात" एवढेच बोलून त्याने फोन ठेवला.

आता रात्रीचे नऊ वाजले आहेत, सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा समोर तसाच पडला आहे आणि माझे लक्ष त्या एका वाक्यावरून हटत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. गेली बावीस वर्षे शाळेत भूगोल शिकवते आहे. माझ्याकडे आधारकार्ड आहे, पगार आहे, आगाऊ पैसे भरण्याची तयारी आहे. मी नेमका कोणता प्रॉब्लेम आहे, हे मला कोणीतरी तोंडावर सांगावे.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळीची सुट्टी मला आज दिवसभर आठवते आहे. भाऊबीज उरकून मी कोल्हापूरहून एस.टी.ने फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल करत मालवणला पोहोचले, तेव्हा अंधार पडला होता. पहिल्या लॉजवर वहीत नाव लिहायला सुरुवात केल्यावर त्या गृहस्थांनी माझ्या मागे पाहिले, मागे कोणी नाही हे लक्षात येताच वही मिटली आणि खोल्या भरल्या आहेत असे सांगितले. फळ्यावर सहा किल्ल्या लटकत होत्या. दुसरीकडे तेवढेही सौजन्य नव्हते. तिसऱ्या ठिकाणी मालक म्हणाले, "मिस्टरांशी बोलायला द्या." मी फोन लावून दिला. माझा नवरा बिचारा हो हो म्हणाला, "मला ठाऊक आहे, ती नेहमी जाते" असे म्हणाला, आणि मग मला किल्ली मिळाली. म्हणजे त्या रात्री खोली मला माझ्या ओळखपत्रावर मिळाली नाही, नवऱ्याच्या आवाजावर मिळाली. ज्या मैत्रिणीला नवरा नाही, जिने लग्न केलेले नाही, जिचा नवरा वारला आहे किंवा जी त्याला सोडून आली आहे, तिने कोणाचा आवाज ऐकवायचा?

तुमच्यापैकी बहुतेकांना हे पटेल, म्हणूनच इथे लिहिते आहे. तरीही दोन-चार जण हळूच म्हणणारच की, "पण एकटीने जायचेच कशाला?" त्यांना उत्तर द्यायला मी बांधलेली नाही. समुद्र पाहायला सोबत लागते, असे मला कोणत्याही पुस्तकात आढळलेले नाही. पुरुष एकटा निघाला की तो भटका, कलंदर, मनस्वी. बाई एकटी निघाली की घरात काहीतरी बिनसलेले आहे, अशी सगळ्यांची खात्रीच पटते.

मालक घाबरतात, हे मला मान्य आहे. खोलीत कोणी जिवाचे बरेवाईट करून घेतले, तर पोलिसांच्या चौकशीला त्यांनाच तोंड द्यावे लागते आणि असे प्रकार घडलेले आहेत. पण ते पुरुषांच्या बाबतीतही घडलेले आहेत, आणि एकट्या पुरुषाला कोणी त्याच्या बायकोशी फोनवर बोलायला लावत नाही.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. मालवणच्या त्या खोलीतून सकाळी निघून मी तारकर्लीला गेले आणि तिथून किनाऱ्याने चालत देवबागच्या टोकाकडे निघाले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि मध्ये माडांनी भरलेली जमिनीची चिंचोळी पट्टी. नदी समुद्राला मिळते तिथपर्यंत ही पट्टी जाते. वर्गात फळ्यावर मी वाळूचा दांडा काढून दाखवते, तो असा पायाखाली यावा म्हणूनच मी गेले होते. दुपारी दोनच्या सुमारास मी पिशवी आणि चपला वाळूवर ठेवल्या आणि पाण्याच्या कडेने संगमाकडे गेले. जागा चांगली कोरडी होती. पहाटेच्या भरतीने ती भिजली होती आणि सकाळपासूनच्या उन्हाने वरून सुकली होती, हे मला बोटभर वाळू उकरली असती तरी कळले असते. त्या दिवशी षष्ठी होती. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला जुना हिशोब मी मुलांना दरवर्षी सांगते. सहाची पाऊणपट साडेचार. मी परतले तेव्हा चार वाजून गेले होते आणि जिथे पिशवी ठेवली होती तिथे गुडघाभर पाणी होते.

फोन, तीन हजार चारशे रुपये, एटीएम कार्ड, आधारकार्ड, खोलीची किल्ली, सगळे त्या पिशवीत होते. मी त्या पाण्यात अर्धा तास शोधत राहिले. एक चप्पल सापडली. ती चूक माझी होती आणि ती मी कोणावरही ढकलत नाही. पण त्या वेळी वाटलेली पहिली भीती पैशांची नव्हती, हे मला आज लिहून ठेवायचे आहे. पहिली भीती अशी वाटली की आता मालवणला परत गेले, तर कालचा तो मालक म्हणेल, "म्हणूनच आम्ही एकट्या बाईला ठेवत नाही." बुडालेल्या पिशवीपेक्षा ते वाक्य मला जड वाटत होते. एखाद्या पुरुषाची पिशवी वाहून गेली असती, तर त्याला पिशवीचेच दुःख झाले असते.

अनवाणी चालत मागे येताना शिंपल्याने टाच कापली. पुढे किनाऱ्यावर रापण ओढायचे काम चालले होते. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. होडीतून एक लांबच लांब जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकत नेतात, त्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा ते दोर पाय रोवून ओढत राहतात. एका-दोघांचे ते काम नाही. दोर हळूहळू येतो, माणूस मागे सरकत सरकत रांगेच्या शेवटी गेला की तिथून सुटून पुन्हा पाण्याजवळ येऊन दोर धरतो. त्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, कापलेल्या टाचेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "खंयसून इलंस गे बाय? वायच हात लाव."

मी हात लावला. का लावला ते सांगता येणार नाही. बहुधा उभे राहवत नव्हते म्हणून. पाऊण तास मी तो दोर ओढला. ओला दोर वाळूने खरखरीत झालेला असतो, त्याने माझ्या दोन्ही तळव्यांची साले निघाली. माझ्या पुढचा माणूस मध्येच मान वळवून म्हणाला की, पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे यांत्रिक बोटींतून मोठी वेढा घालणारी जाळी टाकणाऱ्यांनी, बाहेरच सगळे उचलल्यावर आत काय येणार, आणि पुन्हा ओढायला लागला. जाळे जवळ आले तसे पाणी चांदीसारखे हलायला लागले. बांगडे होते, थोडी तारली होती. फार नव्हती, असे सगळ्यांच्या चेहऱ्यावरून मला समजले.

मग वाटे पडले. मी बाजूला जाऊन उभी राहिले होते. त्या काकींनी मला हाक मारली आणि माझ्यासमोर अकरा बांगडे ठेवले. मी नको म्हटले, मी पाहुणी आहे, असेच हात लावला, असे काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, "दोर वडलंस मां? मगे वाटो घेवक होयो." त्यांच्या आवाजात माया वगैरे नव्हती. हिशोब सांगतात तसे त्यांनी सांगितले. त्या क्षणापर्यंत मला कोणीही विचारले नव्हते की सोबत कोण आहे, मिस्टर काय करतात, घरी सांगून आलीस का. माझे दोन हात दोराला लागले होते, एवढेच त्यांनी मोजले होते.

अकरा बांगडे हातात घेऊन मी उभी, आणि माझ्याकडे पिशवीसुद्धा नव्हती. तेव्हा मी पिशवी वाहून गेल्याचे सांगितले. काकींनी हळहळ व्यक्त केली नाही. त्या मासे विकायला बाजारात बसणाऱ्या. त्यांनी माझे बांगडे आपल्या टोपलीत टाकले, कनवटीची पुरचुंडी सोडली आणि दीडशे रुपये माझ्या हातावर ठेवले. "तुझे बांगडे मी इकत घेतंय," असे म्हणाल्या. मला भीक मिळाली नाही, उसने पैसेही मिळाले नाहीत. माझा माल विकला गेला होता. त्यांच्या मुलाच्या फोनवरून मी नवऱ्याला कळवले, कारण पाठ असलेला तो एकच क्रमांक होता. त्यांच्या पडवीत बसून पेजेचे पाणी प्यायले, टाचेला हळद लावली आणि संध्याकाळच्या एस.टी.ने तिकीट काढून मालवणला परतले. लॉजवाल्यांनी किल्लीचे पाचशे रुपये लावले, ते नवऱ्याने फोनवरून पाठवले. ते पैसे त्यांनी घ्यायलाच हवे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला होता, पण एक गोष्ट आठवली आणि पुन्हा चढला. त्या काकी वर्षानुवर्षे पहाटेच्या अंधारात टोपली घेऊन एकट्या बाजाराला जातात. त्यांनी आणलेली मासळी याच लॉजांच्या स्वयंपाकघरात जाते. तेव्हा एकटी बाई कोणाला खटकत नाही. एकटी बाई कष्ट करायला निघाली तर चालते. ती विश्रांतीला निघाली की नियम आठवतात. माझ्या शाळेतल्या शिपाईबाई पहाटे पाच वाजता एकट्या येतात आणि सगळ्या खोल्या उघडतात. त्यांनी उद्या समुद्र पाहायचा म्हटले, तर त्यांना कोण दार उघडणार आहे?

शिवाय हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेलांमध्ये केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणालाही अडवता येणार नाही, असे स्वच्छ लिहिलेले आहे. सिंधुदुर्ग १९९७ पासून पर्यटन जिल्हा म्हणून मिरवतो. राज्य सरकारने २०२३ साली स्त्रियांसाठी 'आई' या नावाचे पर्यटन धोरण मंजूर केले. धोरण कागदावर आहे, आणि आज सकाळी मला फोनवर मिळालेले उत्तरही तुमच्यासमोर आहे. सगळे मालक असे नसतात, हे खरे आहे. गुहागरला आणि वेळणेश्वरला मी एकटी राहिले आहे आणि तिथल्या घरच्या मंडळींनी मला लेकीसारखे वागवले. पण चांगला मालक भेटणे हे माझे नशीब असू नये.

तुमच्यापैकी तिघा-चौघांची कोकणात घरगुती निवासाची सोय आहे, हे मला माहीत आहे. तुमच्या वहीत हा नियम आहे का, ते मला इथेच सांगा. असेल तर तो कोणी लिहिला, तेही सांगा. मला भांडायचे नाही. तुमच्याकडे पोलिसांना द्यायची नोंदवही असते, तिच्यात माझे नाव, पत्ता, शाळेचे नाव, नवऱ्याचा क्रमांक, जे हवे ते मी लिहून देईन, पण तेवढेच, जेवढे तुम्ही माझ्या मागच्या पुरुष गिऱ्हाईकाकडून लिहून घेतले असेल. सोलकढी उत्तम असून उपयोग नाही, दारात उभ्या असलेल्या माणसाच्या पाठीमागे पाहायची सवय आधी सोडायला हवी.

मघाशी जेवताना मी हे सगळे नवऱ्याला सांगितले. त्याने काही न बोलता फोन काढला आणि जुने क्रमांक शोधत बसला. तीन वर्षांपूर्वी काकींच्या मुलाच्या फोनवरून मी त्याला जो फोन केला होता, तो क्रमांक त्याने 'देवबाग बांगडे' या नावाने जपून ठेवला आहे. मला हे ठाऊकच नव्हते. आम्ही दोनदा लावून पाहिला, लागला नाही. बदलला असेल, किंवा माणसे दर्यावर असतील. घर मला आठवते. रस्त्याच्या उजव्या हाताला, दोन माडांना बांधलेल्या दोरीवर जाळे वाळत घातलेले होते, आणि पडवीच्या खांबाला निळा रंग होता. उद्या सकाळी पुन्हा लावून पाहीन, आणि नाही लागला तरी शुक्रवारी सहाची एस.टी. धरून जाणार आहे. शुक्रवारी दशमी आहे, म्हणजे पूर्ण भरती साडेसातच्या सुमारास.