प्रेरणा कुणाकडून घ्यायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

मुलांना गावातल्या पाऊस मोजणाऱ्या निरीक्षकाकडे घेऊन जा, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. त्यावरच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप दोन. मुलांना प्रेरणा द्यायची तर रामन सांगावेत, प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं कौतुक वाचून कोणी शास्त्रज्ञ होत नाही, हा पहिला. दुसरा असा की सोलापुरात मुलांनी पाहावं असं विज्ञान चालतंच कुठे.

मग रामन यांच्यापासूनच सुरुवात करू. 1923 साली कोलकात्यात त्यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात वेगळ्या रंगाची मंद झाक दिसली. संशय अशुद्धीवर गेला. द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केला, तरी झाक जाईना. 1928 मध्ये के. एस. कृष्णन यांनी निर्वात भांड्यात ऊर्ध्वपातन करून धूळ काढलेले द्रव घेतले. सूर्यप्रकाश एका फिल्टरमधून आत सोडायचा आणि बाहेर येणारा प्रकाश पूरक रंगाच्या फिल्टरमधून पाहायचा. दोन्ही फिल्टर मिळून प्रकाश पूर्ण अडवतात, त्यामुळे तरीही काही दिसलं तर रंग द्रवातच बदलला. हाच पुढे रामन परिणाम म्हणून ओळखला गेला. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातल्या पत्रात सुमारे 60 द्रव तपासल्याचं लिहिलंय आणि पत्राखाली नावं रामन आणि कृष्णन दोघांची आहेत. रामन नीट सांगायचे, तर द्रव गाळत बसलेली ही माणसं वगळता येत नाहीत. नोबेलचं वर्ष पाठ केलेलं मूल दुसऱ्या दिवशी हातात काय घेणार? द्रवातली धूळ का काढायची हे कळलेल्या मुलाकडे करण्यासारखं काहीतरी असतं.

रामन यांच्याच बंगळुरूच्या प्रयोगशाळेत अ‍ॅना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या प्रकाशावर काम केलं. 1948 मध्ये त्या पुण्यात हवामान खात्यात आल्या. तिथे त्यांनी सुमारे 100 हवामान उपकरणांची रेखाचित्रं प्रमाणित केली आणि ती उपकरणं देशात बनू लागली. आता तुमचा सोलापूरचा मुद्दा घेतो. आपल्याकडे कोरडवाहू शेतीचं संशोधन 1933 पासून चालू आहे. 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात कृत्रिम पावसाचा 'कैपेक्स' प्रयोगही सोलापूरच्याच आकाशात झाला. बीजारोपण केलं, म्हणजे पावसासाठी ढगांत कण फवारले, त्या जागेपासून वारा वाहतो त्या दिशेच्या भागात सरासरी सुमारे 18 टक्के जास्त पाऊस पडला, असा त्याचा निष्कर्ष आहे. एवढा फरक पकडायचा तर जमिनीवरचा पर्जन्यमापक, म्हणजे नरसाळ्यातून बाटलीत पाऊस साठवणारं साधन, चोख हवा.

चोख म्हणजे काय ते सांगतो. नरसाळ्याची कड जमिनीपासून 30 सेंमी वर आणि पाणसळ लावून सपाट. शेजारी 8 मीटर उंच कडुनिंब असेल तर मापक किमान 16 मीटर लांब. गच्चीवर नको, कारण तिथल्या वाऱ्याने थेंब कडेवरून निघून जातात आणि नोंद कमी येते. वळवाआधीच्या धुळीने आणि पाल्याने नरसाळ्याचं भोक बुजतं, ते आधीच साफ करायचं. नोंद सकाळी 8:30 ला, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, पाण्याच्या पृष्ठभागाच्या खालच्या वक्राशी वाचायची.

सगळ्यात घातक चूक मोजपात्राची, म्हणजे बाटलीतलं पाणी ओतून मोजायच्या, मिमीच्या खुणा असलेल्या भांड्याची. आपल्याकडे नरसाळी 100 आणि 200 चौ. सेंमी अशा दोन मापांची असतात. मोठ्यात 1 मिमी पाऊस म्हणजे 20 मिली पाणी, लहानात 10 मिली. एकाचं मोजपात्र फुटलं म्हणून दुसऱ्याचं वापरलं की आकडा दुप्पट किंवा निम्मा होतो, आणि वहीत तो अगदी खरा वाटतो.

आणि रविवारची नोंद चुकली तर तिथे शून्य लिहायचं नाही. 'वाचन नाही' असं लिहून सोमवारी दोन दिवसांचा एकत्र पाऊस नोंदवायचा. शून्याचा अर्थ पाऊस पडलाच नाही असा होतो. त्या जागी 'वाचन नाही' लिहिणारा निरीक्षक आपल्याच गावात असतो, त्याचा फोटो कुठल्या भिंतीवर नसतो. मुलांना त्याच्याकडे घेऊन जा, असं मी त्या लेखात लिहिलं होतं आणि त्यावर मी ठाम आहे.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, पाऊस नसतो, पण मापकाची तपासणी करता येते. मोठ्या नरसाळ्यात 200 मिली पाणी सावकाश ओता. मोजपात्रात 10 मिमी यायला हवं. जरा कमी आलं तर नरसाळ्याला चिकटून राहिलेलं पाणी धरा. बरंच कमी आलं तर बाटली आणि नरसाळ्याचा सांधा बघा, गळती बहुधा तिथेच सापडते.